बंधारा पाडताना गावाचे पाणी राखणे : नाशिक जिल्ह्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यात नदीला आडवा बांध घालून पाणी वळवण्याची रीत मोठ्या धरणांच्या कितीतरी आधीची आहे. मोसम आणि आरम नद्यांवरचे फड पद्धतीचे, म्हणजे सामाईक सिंचनाचे, बंधारे गावकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या राखले, इंग्रजी अमदानीत नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आणि १९१६ साली पूर्ण झालेले दारणा धरण उभे राहिले, आणि स्वातंत्र्यानंतर गंगापूर, पालखेड, करंजवण, वाघाड अशा धरणांच्या जोडीने नदीपात्रांत लहान दगडी व कोल्हापूर पद्धतीचे बंधारे जागोजाग बांधले गेले. धरणातून आवर्तन सुटले की नदीतून जाणारे पाणी हे बंधारे काही आठवडे धरून ठेवतात. त्या पाण्यावर काठाच्या द्राक्षबागा आणि कांदा निघतो, आणि गावांच्या पाणीपुरवठा योजनांच्या विहिरीही त्याच फुगवट्यालगत, म्हणजे बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्यालगत, खोदलेल्या असतात. बंधारा कसा बांधावा याचा अनुभव आपल्याकडे भरपूर आहे. म्हातारा झालेला बंधारा कसा उतरवावा, आणि तो उतरवताना त्याच्या आधाराने उभ्या असलेल्या पाणीयोजनेचे काय करावे, याचा अनुभव फार थोडा आहे, म्हणून हे प्रकरण तपशिलाने नोंदवले आहे. नदीचे, गावांचे आणि संबंधितांचे नाव, तसेच ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावाला येथे वरचे गाव आणि खालच्या अंगाच्या गावाला खालचे गाव म्हटले आहे.

बंधारा सुमारे दोन पुरुष उंचीचा, चुन्यातील दगडी बांधकामाचा होता आणि त्यावर नंतरच्या काळात सिमेंटचे दर्जाकाम झालेले होते. मधोमध गाळ काढून देण्यासाठी ठेवलेली मोरी होती, पण तिची लोखंडी झडप गंजून बसल्याने ती कित्येक वर्षे उघडलेली नव्हती. वरच्या गावाच्या योजनेची विहीर उजव्या काठावर, फुगवट्यापासून हाकेच्या अंतरावर होती. खालच्या गावाची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसण्याची विहीर, नदीपात्रातल्या डोहात होती आणि तेथे गाळणीची सोय नव्हती. पाणी टाकीत चढवायचे, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालायची आणि सोडायचे, एवढीच प्रक्रिया होती. या एका गोष्टीने पुढचे बरेच निर्णय ठरवले.

समस्या

एका पावसाळ्यात पुराने बंधाऱ्याची डावी बगल फोडली. नदी बंधाऱ्याला वळसा घालून शेतात शिरली आणि काठची काळी माती खचत गेली. पाणी उतरल्यावर केलेल्या पाहणीत बांधकामाच्या आतला चुना धुऊन गेलेला आढळला. बाहेरून सिमेंटचा लेप शाबूत दिसत असला तरी आत दगड मोकळे झाले होते. पुढच्या मोठ्या पुरात बंधारा एकदम कोसळला तर साठलेला सगळा गाळ आणि पाणी एका झटक्यात खालच्या गावाकडे जाणार, हे उघड होते. बंधारा पाडायचा हे ठरायला वेळ लागला नाही. कामाचे अंदाजपत्रक झाले, त्यात तोडकाम, दगडांची वाहतूक आणि डाव्या काठाची दगडी पिचिंग होती, आणि नदी कोरडी असते म्हणून मे महिना निश्चित झाला. पिण्याच्या पाण्यासाठी अंदाजपत्रकात एकही बाब नव्हती. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. तोडकामाचे खाते वेगळे, पाणीपुरवठ्याचे खाते वेगळे, आणि दोन्ही कागद एका टेबलावर कधी आलेच नव्हते.

ग्रामसभेत हा विषय पहिल्यांदा निघाला तो एका साध्या प्रश्नातून. बंधारा गेला तर विहिरीचे काय, असे बचत गटाच्या बायकांनी विचारले. सभेतले बहुतेक जण निर्धास्त होते. टंचाईच्या वर्षांतही ही विहीर आटली नव्हती, तेव्हा तिला डोंगराकडचे झरे आहेत, असा गावाचा पक्का समज होता. हा समज खोटा म्हणता येत नव्हता आणि खरा मानून चालणेही धोक्याचे होते, कारण टंचाईच्या वर्षीही पिण्याचे आवर्तन नदीतून येऊन बंधाऱ्यात थांबत असे. विहीर आटली नाही ती झऱ्यांमुळे की आवर्तनामुळे, हे त्या आठवणीतून सांगणे शक्य नव्हते.

आपल्या भागातला कातळ लक्षात घेतला तर हा प्रश्न आणखी अवघड होतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी सगळीकडे सारखे साठत नाही. वरचा मुरूम, त्याखालचा भेगाळलेला थर आणि दोन लाव्हा थरांमधली फट एवढ्याच जागी ते असते, आणि पन्नास पावलांवरच्या दोन विहिरींचा एकमेकींशी काही संबंध नसणे हे येथे नेहमीचे आहे. त्यामुळे नकाशावर अंतर मोजून कोणती विहीर नदीवर अवलंबून आहे हे ठरवता येत नाही.

खालच्या गावाची अडचण निराळी होती. फुगवट्यात बंधाऱ्याच्या भिंतीलगत मऊ, काळा गाळ साठला होता आणि वरच्या टोकाला वाळू. भिंतीजवळ पाइप ठोकून काढलेला नमुना हातात घेतला तेव्हा वरचा वीतभर थर तपकिरी होता, त्याखालचा डांबरासारखा काळा आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाचा. असा वास येतो तेव्हा गाळात प्राणवायू उरलेला नसतो, आणि अशा गाळातून लोह, मँगेनीज आणि अमोनिया पाण्यात उतरतात. शिवाय काठावर द्राक्षबागा होत्या. बागांवर फवारलेल्या बोर्डो मिश्रणातले मोरचूद वर्षानुवर्षे पावसाने धुऊन नदीत येते आणि त्यातले तांबे बारीक गाळाला चिकटून राहते. हा गाळ हलवला की डोहात नेमके काय पोहोचेल, हे आधी कळणे आवश्यक होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे गढूळपणाची स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजण्याचे एकक) आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ५ एनटीयूपर्यंत चालते. गाळणी नसलेल्या योजनेला ही मर्यादा बंधारा फोडल्याच्या पहिल्याच तासात ओलांडावी लागली असती.

विचारात घेतलेले पर्याय

दुरुस्तीचा पर्याय सर्वांत आधी तपासला गेला आणि लवकरच मागे पडला. आतून पोकळ झालेल्या बांधकामात सिमेंट ग्राऊट भरता येते, पण नदीने डावीकडे नवी वाट धरली होती आणि बंधारा तसाच ठेवला असता तर दर पुरात तिकडचीच शेती गेली असती.

मे महिन्यात एकदम पाडण्याचा मूळ बेत ठेकेदाराच्या आणि खर्चाच्या दृष्टीने सोयीचा होता. कोरड्या पात्रात यंत्र उतरते, गढूळ पाणी वाहून जाण्याचा प्रश्न त्या वेळी येत नाही. पण मे महिन्यातच विहिरी तळाला गेलेल्या असतात, आणि त्या वेळी वरच्या गावाची विहीर नदीवर अवलंबून असल्याचे कळले तर टँकरखेरीज हातात काही उरत नाही. दुसरे म्हणजे, जागेवर ठेवलेला सगळा गाळ मृगाच्या पहिल्या पुरात एकदम खाली जातो. मे महिन्यात टळलेला गढूळपणा जूनमध्ये दामदुपटीने वसूल होणार होता.

तिसरा पर्याय टप्प्याटप्प्याने उतरवण्याचा. आधी वरचा अर्धा भाग कापायचा, विहिरी कशा वागतात ते पाहायचे, भिंतीलगतचा गाळ उन्हाळ्यात शेतकऱ्यांना नेऊ द्यायचा आणि उरलेले काम पावसाळ्यापूर्वी करायचे. यात वेळ जास्त लागत होता आणि यंत्रे दोनदा आणावी लागत होती.

या चर्चेत अमेरिकेतील एल्व्हा नदीचा दाखला उपयोगी पडला. तेथील दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात काढली गेली, त्यांतले ग्लाइन्स कॅन्यन धरण ६४ मीटर उंच होते. खालच्या पोर्ट एंजेलिस शहराच्या पाण्यासाठी तोडकामाच्या आधीच नवे शुद्धीकरण केंद्र आणि नदीतून पाणी घेण्याची नवी व्यवस्था बांधली होती. तरीही २०१२ मध्ये गाळ आणि काडीकचऱ्याने ती व्यवस्था तुंबली आणि ग्लाइन्स कॅन्यनचे तोडकाम सुमारे वर्षभर थांबवावे लागले. आपल्या दोन पुरुष उंचीच्या बंधाऱ्याशी त्या कामाचा आकार जुळत नाही, पण त्यातली दोन सूत्रे जशीच्या तशी लागू होती : पर्यायी पाण्याची सोय तोडकामाच्या आधी करायची, आणि ती सोय अपुरी ठरली तर काम थांबवण्याचा अधिकार आधीच कोणाला तरी द्यायचा.

चौथा मुद्दा पर्यायापेक्षा खोलीचा होता : पाडायचे ते कुठपर्यंत? अंदाजपत्रकात पायासकट काढणे धरले होते. भूजलाचे काम केलेल्या एका निवृत्त भूवैज्ञानिकाने सुचवले की नदीच्या मूळ तळाखालचा पाया कातळात बसलेला आहे, तो काढू नये. तळाच्या वर काही उरले नाही तर पुराला अडथळा होत नाही, आणि तळाखालचा पाया वाळूतून झिरपणारे पाणी अडवून भूमिगत बंधाऱ्याचे काम करतो. महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्याचे स्रोत बळकट करण्यासाठी भूमिगत बंधारे मुद्दाम बांधले जातात. येथे तो पायाच्या रूपाने तयार होता. या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत मोलाचा निर्णय हाच, असे माझे मत आहे.

चाचणी आणि पहिला निर्णय

काहीही तोडण्याआधी नदी तात्पुरती उतरवून पाहायची, असे ठरले. ऑक्टोबरअखेर, आवर्तन सुरू होण्यापूर्वी, फुटलेली बगल वाळूच्या गोण्या लावून बंद केली, मोरीची झडप कापून तेथे लाकडी फळ्या बसवल्या आणि एकेक फळी काढत फुगवटा हळूहळू खाली आणला. एकदम उतरवला असता तर काठ खचले असते आणि गाळही हलला असता. रोज सकाळी, मोटार सुरू होण्यापूर्वी, विहिरींची पातळी मोजायची होती. टेपच्या टोकाच्या हातभर भागाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढल्यावर खडू जेथपर्यंत भिजला तो आकडा कठड्यावरच्या खुणेच्या आकड्यातून वजा करायचा. हे काम गावाच्या जलसुरक्षकाने आणि शाखा अभियंत्यांनी मिळून केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी योजनेच्या विहिरीची पातळी नदीबरोबर उतरलेली दिसली. अभियंत्यांनी टेप पुन्हा सोडून पाहिली, आकडा तोच आला. कठड्याशी उभे असलेले एक वयस्कर शेतकरी म्हणाले, “साहेब, या विहिरीला आडवी भेग आहे नदीकडून. खोदताना मी आत उतरलो होतो.” “आप्पा, हे ग्रामसभेत का नाही बोललात?” असे अभियंत्यांनी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “कोणी विचारलंच नाही.” देवळाजवळची जुनी आडविहीर मात्र सगळ्या चाचणीत जागची हलली नाही, ती खरोखर डोंगराकडच्या पाण्याची होती. बागांच्या विहिरी तिसऱ्याच प्रकारे वागल्या. पहिले काही दिवस त्यांच्यात फरक दिसला नाही आणि पुढे त्या सावकाश उतरू लागल्या, कारण त्यांच्यापर्यंत पाणी मुरमातून झिरपत येत होते. चाचणी दोन-तीन दिवसांत आटोपली असती तर बागाईतदारांना काही धोका नाही, असा निष्कर्ष निघाला असता.

ऑक्टोबर छाटणी नुकतीच झालेली असल्याने बागाईतदारांचा चाचणी लांबवण्याला विरोध होता, आणि तो रास्त होता. फुटवा निघण्याच्या काळात पाण्याचा ताण बसला तर हंगामच जातो. त्यांच्या विहिरी उतरताना दिसताच फळ्या परत बसवल्या गेल्या.

चाचणीचा निकाल समोर आल्यावर पहिला खरा निर्णय घ्यावा लागला : तोडकामाची तारीख पुढे ढकलायची का? शेवटी काम तीन टप्प्यांत विभागले गेले. पहिल्या टप्प्यात, फेब्रुवारीअखेर, मधल्या भागात अर्ध्या उंचीपर्यंत खाच घ्यायची, म्हणजे पुढच्या पुराला वाट मिळेल आणि कोसळण्याचा धोका पुष्कळ कमी होईल. दुसऱ्या टप्प्यात उन्हाळ्यात गाळ काढायचा. तिसऱ्या टप्प्यात मेअखेर तळापर्यंत उतरायचे, पण वरच्या गावाचा पर्यायी स्रोत मे महिन्यात पुरा पडला तरच. पुरा पडला नाही तर तिसरा टप्पा वर्षभर पुढे जाईल आणि डावा काठ जाळीतल्या दगडांनी राखला जाईल. ही अट सभेच्या इतिवृत्तात लिहून घेतली गेली. तोंडी राहिली असती तर मे महिन्यात पावसाळ्याच्या भीतीने ती कोणीही बाजूला सारली असती.

कार्यवाही

पर्यायी स्रोतासाठी आधी खर्चाचे घोंगडे भिजत पडले. तोडकामाचे खाते म्हणे, पाणीपुरवठा आमच्याकडे नाही. पाणीपुरवठ्याचे खाते म्हणे, नुकसान तोडकामामुळे होणार आहे. हिवाळ्याचे मौल्यवान आठवडे यात गेले. अखेर तोडकामाच्या अंदाजपत्रकात पुरवणी बाब घालून मार्ग निघाला. देवळाजवळची आडविहीर साफ करून खोल केली, तिच्यात डोंगराच्या बाजूने आडवे बोअर मारले आणि तिची जलवाहिनी योजनेच्या टाकीला जोडली. योजनेच्या जुन्या विहिरीतली मोटार खाली सोडली. शेजारच्या प्रादेशिक योजनेच्या वाहिनीला एक जोडणी घेऊन ती व्हॉल्व्हने बंद ठेवली. ती केवळ अडीअडचणीसाठी होती.

खालच्या गावासाठी तीन नियम ठरले. गावाची टाकी काठोकाठ भरल्याशिवाय दगड फोडणारा ब्रेकर चालवायचा नाही. डोहात गढूळपणा ५ एनटीयूच्या वर गेला की जॅकवेलची मोटार बंद करायची, आणि हा निर्णय गावाच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने स्वतःच्या अधिकारात घ्यायचा, कोणाला फोन लावत बसायचे नाही. मोटार बंद असेपर्यंत तोडकामही बंद. पहिला नियम दिसतो तितका सोपा नव्हता, कारण थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीत असली की टाकी सकाळी भरलेली मिळे आणि दिवसाच्या पाळीत असली की दुपारपर्यंत भरत नसे. यंत्राचे भाडे तासावर चालत असल्याने ठेकेदाराचा जीव खाली-वर होई, पण नियम पाळला गेला.

फेब्रुवारीअखेरचा पहिला टप्पा व्यवस्थित पार पडला. खाचेतून गढूळ पाणी गेले, मोटार दोन दिवस बंद राहिली आणि टाकीतल्या पाण्यावर गाव निघाले. खरी अडचण मार्चमध्ये अवकाळी पावसाने आणली. अर्ध्या उतरलेल्या फुगवट्यात उघडा पडलेला काळा गाळ पावसाने धुऊन निघाला आणि डोहात उतरला. मोटार नियमाप्रमाणे बंद झाली, चार दिवसांनी गढूळपणा खाली आल्यावर पुन्हा सुरू झाली, आणि त्यानंतर एक अनपेक्षित गोष्ट घडली.

कर्मचारी नेहमीच्या मापाने टीसीएल घालत होता, तरी गावाच्या शेवटच्या नळावर क्लोरीन तपासण्याच्या ओटी चाचणीत पिवळा रंग उमटेना. बाटलीत नळाचे पाणी घ्यायचे, ओटीचे थेंब टाकायचे, हलवायचे आणि पाहायचे. एरवी लगेच दिसणारी पिवळी छटा येत नव्हती. नळाच्या टोकाला दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरायला हवे, ते उरत नव्हते. पाणी दिसायला स्वच्छ होते. क्लोरीन खाऊन टाकणारी वस्तू डोळ्यांना न दिसणारी होती : गाळातून आलेला अमोनिया. अमोनिया असलेल्या पाण्यात घातलेले क्लोरीन आधी त्याच्याशी संयोग पावते आणि जंतू मारण्यासाठी मोकळे उरत नाही. माप वाढवले तेव्हा पाण्याला उग्र वास येऊ लागला आणि लोकांनी ते पिणे सोडून शेतातल्या विहिरींचे, म्हणजे कसलीच प्रक्रिया नसलेले पाणी आणायला सुरुवात केली. एका धोक्यातून सुटताना लोक दुसऱ्यात जात आहेत हे आशा आरोग्यसेविकांनी घरोघरी फिरताना ओळखले आणि कळवले. त्यानंतर पिण्यासाठी आठवडाभर बाहेरून टँकरने पाणी आणून चौकातल्या टाकीत भरले, नळाचे पाणी वापरासाठी ठेवले आणि डोह आवर्तनाच्या पाण्याने धुऊन निघेपर्यंत वाट पाहिली.

एप्रिल-मे मध्ये शेतकऱ्यांनी गाळ उचलला. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून राज्याला परिचित असल्याने लोकांना समजवावे लागले नाही. तांब्यासाठी नमुने तपासून घेतल्यानंतरच उचल सुरू केली, आणि भिंतीच्या अगदी लगतचा सर्वांत काळा थर शेतात न टाकता पात्राबाहेर पडीक जागी पसरला. वाळूला मात्र हात लावू दिला नाही. पाणी धरून ठेवते ती वाळू, आणि तळाखालचा पाया भूमिगत बंधारा म्हणून उपयोगी पडायचा तर त्यामागे वाळू हवीच. तरीही पात्र उघडे पडल्यावर रात्री ट्रॅक्टर येऊ लागले. तलाठी, पोलीस पाटील आणि तरुण मंडळाच्या पाळ्या लावून ते थांबवावे लागले, आणि काही वाळू गेलीच.

परिणाम

मे महिन्यात आडविहीर आणि खोल मोटारीची जुनी विहीर मिळून वरच्या गावाला एक दिवसाआड पाणी देता आले. हे प्रमाण जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या निकषाला पुरे होते की नाही, यावर सभेत वाद झाला. टाकीत चढणारे पाणी मोजून पाहिल्यावर ते जेमतेम पुरे असल्याचे ठरले आणि तिसऱ्या टप्प्याला मान्यता मिळाली. बंधारा तळापर्यंत उतरला, पाया राहिला. पुढच्या पावसाळ्यात नदी पुन्हा मूळ पात्रातून वाहिली आणि डावा काठ टिकला.

उणे बाजू दोन आहेत आणि त्या दडवून चालणार नाही. वरच्या गावाची नदीकाठची एक आदिवासी वस्ती योजनेच्या नळावर नव्हती, हातपंपावर होती. चाचणीत हातपंपाची पातळी कोणी मोजली नव्हती, कारण यादी योजनेच्या आणि शेतीच्या विहिरींची केली होती. एप्रिलमध्ये हातपंप आटला आणि वस्तीतल्या बायकांना ऐन उन्हात डोक्यावरून पाणी वाहावे लागले. वरचे गाव टँकरमुक्त राहिले असा अहवाल त्याच महिन्यात गेला होता. वस्तीसाठी जलवाहिनी नंतर टाकली गेली, पण तो उन्हाळा त्यांना कोणी परत देणार नाही.

दुसरी गोष्ट पावसाळ्यात घडली. बारीक गाळाचा बंदोबस्त झाला होता, परंतु वरच्या टोकाची वाळू पुराबरोबर सरकत खालच्या गावाच्या डोहात आली आणि जॅकवेलची सर्वांत खालची खिडकी तिने बुजवली. ऑक्टोबरमध्ये पाणबुडे लावून ती मोकळी करावी लागली. भरड गाळ बारीक गाळाच्या मागाहून, आपल्या गतीने येतो, आणि एका हंगामात तो थांबेल असेही नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा फरक मोजणीने पडला असता. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. त्याच महिन्यांत नदीकाठच्या प्रत्येक पिण्याच्या स्रोताची, हातपंपांसकट, एक वर्षभर नोंद ठेवली असती तर वस्तीचा प्रश्न चाचणीआधीच पुढे आला असता. स्रोतांची यादी कार्यालयात बसून न करता काठाने चालत आणि बायकांना विचारत करायला हवी. पाणी कोठून येते हे ज्यांच्या डोक्यावरून ते येते त्यांना अचूक माहीत असते. विहीर खोदताना आत उतरलेल्या माणसांचाही शोध घ्यायला हवा.

गाळाच्या तपासणीत तांब्याकडे लक्ष दिले गेले आणि अमोनियाकडे दिले गेले नाही. गाळ आणि नदीचे पाणी एका बादलीत ढवळून, निवळून, त्या पाण्याला किती क्लोरीन लागते हे फेब्रुवारीतच पाहता आले असते. ही चाचणी तासाभराची आहे आणि तिने मार्चमधला आठवडा वाचवला असता. पहिल्या टप्प्यानंतर उघडा पडलेला काळा थर अवकाळीच्या आधी, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यातच उचलायला घ्यावा, असेही आता म्हणता येते. त्या वेळी शेतकरी द्राक्षकाढणीत गुंतलेले होते आणि ट्रॅक्टर मोकळे नव्हते, ही अडचण खरी असली तरी त्यासाठी भाड्याची वाहने लावण्याइतका खर्च टँकरवर झालाच.

खर्चाबाबत, तोडकामाच्या अंदाजपत्रकात तात्पुरता आणि कायमचा पाणीपुरवठा ही बाब पहिल्या दिवसापासून असावी आणि ती खर्ची पडल्याचा दाखला मिळाल्याशिवाय तोडकामाचा आदेश निघू नये. हे झाले असते तर हिवाळ्याचे आठवडे पत्रव्यवहारात गेले नसते.

एक प्रश्न अजून मिटलेला नाही. बंधारा गेल्यावर बागाईतदारांच्या विहिरींचे पाणी कमी झाले आणि काहींनी त्या खोल करून आडवे बोअर मारले. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास राज्यात १९९३ च्या कायद्यापासून मनाई आहे, पण येथे विहिरी जुन्याच आहेत, फक्त खोली वाढली आहे. बागाईतदारांचे म्हणणे असे की बंधारा शासनाने काढला, त्यांची बाग वाळू द्यायची का? ग्रामपंचायतीचे म्हणणे असे की त्यांच्या आडव्या बोअरची दिशा नदीकडे, म्हणजे योजनेच्या विहिरीच्या भेगेकडे आहे. सध्या दोन्ही बाजूंनी मान्य केलेली तात्पुरती व्यवस्था अशी आहे की एप्रिल आणि मे मध्ये योजनेची मोटार पहाटे चालेल, बागांच्या मोटारी त्यानंतर सुरू होतील, आणि जलसुरक्षक दर सोमवारी सहा ठरावीक विहिरींची व वस्तीतल्या हातपंपाची पातळी मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहील. आता नव्या बंधाऱ्याचाही विचार आहे, आणि त्याची जागा ठरवण्याच्या बैठकीपुढे याच नोंदी ठेवल्या जाणार आहेत.